बिनआवाजाचं वाक्य

“आत गेल्यावर ओठ ओढूनताणून बोलायचं नाही. शब्द जसे पडतील तसे पडू द्या. कळतंय ना, बाई?” वकीलबाईंनी पुन्हा एकदा बजावलं.

“कळतंय,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्या सवयीनं दोन पावलं सरकल्या, वकीलबाईंच्या अगदी समोर आल्या आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“हेच! हेच नको म्हणतेय मी!” वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. “आज वर्गात नाही आहात तुम्ही.”

बाकावर बसलेले बाईंचे यजमान हसले. ते बस डेपोत मेकॅनिक होते आणि आज रजा टाकून आले होते. “वकीलबाई, नका मागे लागू. घरी दूधवाल्याशीसुद्धा ती उजेड बघून बोलते. तो बिचारा घाबरून पाणी कमी घालायला लागलाय.”

हसू कोणालाच फारसं आलं नाही. न्यायालयाच्या त्या अरुंद बोळात सकाळपासून माणसं ताटकळत होती.

बाई म्हणजे बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाई. अर्धं आयुष्य त्यांनी त्या शाळेत काढलं होतं. ही मुलं बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून शब्द ओळखतात. म्हणून अशा वर्गातल्या शिक्षकानं पाठमोरं बोलायचं नसतं. फळ्यावर लिहिता लिहिता बोलायचं नसतं. खिडकी पाठीशी घ्यायची नसते, कारण मग तोंडावर सावली येते. फार हळू बोलायचं नाही, ओठ फार फाकवायचे नाहीत. साधंच बोलायचं, पण प्रत्येक शब्द मुलाच्या डोळ्यांपुढे नीट ठेवायचा. खडू आणि पुस्तक नसेल तर एक वेळ चालेल. तोंड मात्र हवंच.

आणि नेमकं तेच गेलं होतं.

बाजारातल्या एका फर्निचरच्या दुकानाला नवी दर्शनी काच बसत होती. उद्घाटनाची घाई होती. जुनी काच काढून झाली होती, नवी आली होती, आणि मालकानं ती दुपारभर फूटपाथवर भिंतीला नुसती टेकवून ठेवायला लावली होती. दोरी नाही, पाचर नाही, कोणी राखायला नाही. वाऱ्याचा एक झोत आला आणि घरी निघालेल्या बाईंच्या अंगावर ती काच आडवी झाली. कानापासून हनुवटीपर्यंत डावा गाल फाटला. डॉक्टरांनी तो शिवला छान. व्रणसुद्धा बारीक राहिला. पण गालातली एक बारीक नस तुटली होती. डावीकडचा ओठ हलेना.

मालक फळं घेऊन घरी आला होता. बराच वेळ बसला, चहा प्यायला आणि जाता जाता म्हणाला, “ताई, डाग तर दिसतसुद्धा नाही लांबून. कशाला कोर्टकचेरी? मिटवून टाकू आपसात.”

“लांबून नाही दिसत,” यजमान म्हणाले होते. “पण ही लांबून नाही शिकवत.”

दावा लावला. पण दाव्याचं दुखणं असं होतं की तो जिंकायचा तर बाईंना आता शिकवता येत नाही हे सिद्ध करावं लागणार होतं. ते एकदा न्यायालयात सिद्ध झालं, की वर्गाचा दरवाजा बंदच. आणि गेले कित्येक महिने बाई रोज पहाटे आरशासमोर बसून उजव्या ओठाकडून डाव्याचं काम करून घेत होत्या ते वर्गात परत जाण्यासाठीच. यजमानांना हे माहीत होतं. वकीलबाईंना नव्हतं.

जखम भरल्यावर बाई एकदा वर्गात गेल्या होत्या. छोटी मुलं आधी व्रणाकडे बघत राहिली. मग ओठांकडे. मग एकमेकांकडे. बाईंनी एक साधी गोष्ट सांगितली आणि विचारलं, “कळलं?” पहिल्या रांगेतल्या मुलीनं हसून मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं. बाई दुखावू नयेत म्हणून ती खोटं हसली होती. त्या दिवशी बाईंनी स्वतःच मुख्याध्यापकांना सांगितलं, मला काही दिवस कार्यालयात बसवा. तेव्हापासून त्या कपाटाशेजारच्या टेबलावर दाखले लिहीत होत्या.

शिपायानं पुकारा केला.

खोली लहान होती. न्यायाधीश वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवून कागद वाचायचे. दुकानाच्या मालकाशेजारी बसलेल्या त्याच्या वकिलांना भरघोस मिशा होत्या. खालचा ओठ तेवढा अधूनमधून दर्शन देई. त्यांनी अतिशय गोड आवाजात सुरुवात केली.

“बाई, त्रास देत नाही फार. जेवताना अडचण येते?”

“पाणी सांडतं कधीकधी.”

“झोप?”

“लागते.”

“आता बघा, राग मानू नका. या वयात चेहऱ्यावर पोट भरायचा काही प्रश्न नाही आपला. तुम्ही काही नटी नाही.”

“पोट चेहऱ्यावरच भरतं माझं, साहेब,” बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. “मुलं माझा आवाज ऐकत नाहीत. ओठ बघतात.”

“असं? शाळेत काय काय शिकवता?”

बाई सांगू लागल्या. आणि शाळेचं निघाल्यावर त्यांना भान राहिलं नाही. त्या खुर्चीत सरळ झाल्या, चेहरा उजेडात आणला, उजवा ओठ कामाला लावला. शब्द कसे टपोरे पडत होते. वकीलबाई टेबलाखालून पायानं खुणावत होत्या. बाईंना पत्ताच नव्हता. मिशीवाले वकील मध्ये एकदाही बोलले नाहीत. पूर्ण होऊ दिलं. मग न्यायाधीशांकडे वळले.

“साहेब, मला शब्दन् शब्द कळला. आपल्याला?”

“कळला,” न्यायाधीश म्हणाले.

“मग इजा नेमकी कुठे आहे?”

आपल्याच हातानं आपण पायावर धोंडा पाडून घेतला, हे बाईंना आत्ता उमगलं. वकीलबाई ताडकन उठल्या.

“साहेब, तुम्हाला कळला, कारण तुम्हाला ऐकू येतं! कान बंद करून बघा.”

“कान बंद केले तर मला धडधाकट माणसाचंही कळणार नाही, वकीलबाई,” न्यायाधीश म्हणाले. “ज्याला ओठ वाचता येतात असं कोणी आहे?”

बाहेर होती. साक्षीदार म्हणूनच आली होती. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता शिवणाचं स्वतःचं दुकान चालवणारी. जन्मापासून बहिरी, पण बोलायला लागली तशी थांबलीच नाही, म्हणून शाळेत तिला सगळे चिमणी म्हणत, आणि अजूनही म्हणतात. चिमणी आत आली, गळ्यातली मोजपट्टी काढायची राहिली होती ती घाईनं पर्समध्ये कोंबली आणि बाईंकडे बघून हसली.

“ही त्यांचीच विद्यार्थिनी,” मिशीवाले वकील म्हणाले. “नाही कळलं म्हणायला हिला काय लागतं?”

चिमणीनं त्यांच्याकडे बारकाईनं पाहिलं आणि जड, सपाट आवाजात न्यायाधीशांना म्हणाली, “यांचं काहीच कळलं नाही. मिशा बोलतायत. ओठ कुठे आहेत?”

खोलीत खसखस पिकली. वकिलांनी नकळत मिशीवरून हात फिरवला.

न्यायाधीशांनी थोडा विचार केला. दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक टंकलेखन करणाऱ्या मुलीला दिली, एक बाईंना. “आवाज न करता, फक्त ओठांनी म्हणायचं. आधी तू.”

टंकलेखिका लाजली. तिनं कसंबसं, अर्ध्या तोंडानं पुटपुटल्यासारखं केलं. चिमणीनं लगेच सांगितलं, “आज माझी छत्री घरी राहिली.” आणि वर टंकलेखिकेला म्हणाली, “दात छान आहेत तुमचे. तोंड उघडून बोला की जरा.”

न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला. अनोळखी मुलीचं पहिल्या फटक्यात वाचलं होतं. आता त्यांनी बाईंकडे हात केला.

बाईंनी चिठ्ठी उघडली. ‘माझा भाऊ उद्या पहाटे परत येईल.’ त्यांनी मनातल्या मनात वाक्य ओठांवर फिरवून पाहिलं. मा, भा, पहाटे, परत. पावलोपावली दोन्ही ओठ मिटायला हवेत. आणि त्यांचा डावा ओठ मिटत नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. वकीलबाई टक लावून बघत होत्या. त्या नजरेचा अर्थ साफ होता. काही करू नका. जसं पडेल तसं पडू द्या. दावा आपला आहे. आणि समोर चिमणी बसली होती, मान थोडी पुढे काढून, जशी ती पहिलीत असताना बसायची.

समोर बहिरं मूल बसलेलं असताना मुद्दाम वाईट बोलणं बाईंना कोणत्याच जन्मी जमलं नसतं. दावा गेला खड्ड्यात, असं त्यांच्या मनानं घेतलं. हिला कळू दे. एवढं एक वाक्य हिला कळू दे, मी उद्याच वर्गात जाते.

त्यांनी खुर्ची उजेडाकडे फिरवली. आरशासमोर शिकलेलं होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. उजवा ओठ ताणला, गाल आत घेतला, हनुवटी उचलली, आणि वाक्य म्हटलं.

चिमणीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पुन्हा, बाई.”

बाईंनी पुन्हा म्हटलं.

“पुन्हा.”

यजमान मागच्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले होते. बाईंच्या मानेच्या शिरा तटतटल्या. त्यांनी आणखी एकदा म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्यांना चिमणीच्या डोळ्यांत दिसलं. चिमणीची नजर ओठांवरून सुटली होती आणि बाईंच्या डोळ्यांत उत्तर शोधत होती. हरवलेलं मूल असंच करतं.

“कळलं का?” न्यायाधीशांनी चिमणीला हातानं खुणावून विचारलं.

“नाही कळलं,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “नाही कळलं, बाई.”

“हे ठरवून आलंय, साहेब!” मिशीवाले वकील उठले. “टंकलेखिकेचं कळतं आणि लहानपणापासूनच्या बाईंचं कळत नाही?”

न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं आणि चिमणीकडे तोंड करून सावकाश विचारलं, “थोडं तरी कळलं असेल. अंदाज?”

“अंदाज आहे. कोणीतरी येणार आहे. कोण, कधी, ते नाही दिसलं.”

“मग तेवढं का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कळलं का विचारलंत.” चिमणीनं डोळे पुसले. “आम्हाला सवय असते, साहेब. कळलं नाही तरी हसून मान हलवायची. लोक वैतागतात ना. वर्गात कोणी तसं केलं की बाई चिडायच्या. गृहपाठ नाही केला तर नाही, दंगा केला तर नाही. खोटी मान हलवली की फक्त. म्हणायच्या, नाही कळलं तर नाही कळलं म्हण, मी शंभरदा सांगेन.” ती थांबली. “आज शंभरदा सांगितलं असतं तरी नसतं कळलं.”

मिशीवाले वकील खाली बसले, मालकाच्या कानाशी काहीतरी बोलले. मालक जमिनीकडे बघत मान डोलावत राहिला.

न्यायाधीशांनी जास्त काही सांगितलं नाही. लेखी निकाल मिळेल, म्हणाले. पण इजा दिसण्यापुरती आहे हे दुकानाचं म्हणणं आपल्याला मान्य नाही, बाईंचं काम गेलं आहे आणि भरपाई त्या हिशेबानं द्यावी लागेल, हे त्यांनी तिथेच लिहून घ्यायला सांगितलं. टंकलेखिका लिहीत होती. ‘अध्यापन करण्यास कायमस्वरूपी असमर्थ,’ न्यायाधीश सांगत होते, आणि ते शब्द यंत्रावर एकेक करून उमटत होते.

बोळात आल्यावर वकीलबाईंनी बाईंचा हात धरून जोरजोरात हलवला. “सुटलो, बाई! माझ्या तर तोंडचं पाणी पळालं होतं.”

“बघितलंस?” यजमान म्हणाले, “त्या मिशीवाल्याचं तोंड असं...” आणि बायकोचा चेहरा बघून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. नुसतेच जवळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “पहाटे उठायचं नाही आता. मी चहा करीन, तू झोप.”

“हं,” बाई म्हणाल्या.

चिमणी बोळाच्या टोकाला होती. भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांना पाठ देऊन. बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली म्हणजे त्यानं दार लावून घेतलं. बाई चालत गेल्या आणि तिला वळसा घालून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

“मी अंदाज सांगायला हवा होता का, बाई?” चिमणी रडत होती. “तुम्ही केवढा जीव काढलात. मला दिसत होतं.”

“नाही. बरोबर केलंस तू.”

चिमणी ओठांकडे बघत राहिली. तिला कळलं नाही.

“बरोबर केलंस,” बाईंनी पुन्हा म्हटलं.

चिमणीनं ओला हात पदराला पुसला. अगदी लहान मुलांना पहिला शब्द शिकवताना बाई त्यांचा तळवा आपल्या गालावर आणि गळ्यावर ठेवून घेतात. आवाज कसा निघतो ते मुलं त्या थरथरीतून शिकतात. चिमणीनं न विचारता तसाच हात उचलला आणि बाईंच्या डाव्या गालावर ठेवला. अंगठा न हलणाऱ्या ओठाच्या कडेला, बोटं व्रणावरून खाली गळ्यापर्यंत. टाके काढल्यापासून त्या गालाला बाईंनी डॉक्टरांशिवाय कोणाला हात लावू दिला नव्हता.

“आता बोला,” चिमणी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

बाई बोलू लागल्या. आतून पुढच्या दाव्याचा पुकारा झाला. माणसं उठून त्यांच्या बाजूनं आत जाऊ लागली, कोणीतरी सरका म्हणालं. बाईंना ते ऐकू आलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.