महाराजांच्या ओठावरचा फेस

आमच्या तेनोच्तित्लान नगरीच्या महाराजांचं जेवण म्हणजे रोजचीच जत्रा. तीनशे पदार्थ शेगड्यांवर वाफाळत असतात, महाराज काठीने त्यातले चार दाखवतात आणि सोनेरी पडद्याआड एकटेच जेवतात. वस्त्रं दिवसातून चारदा बदलतात, उतरवलेलं पुन्हा अंगाला लावत नाहीत. माझे घागरे दोन, त्यातला एक शाळेचा.

या सगळ्या थाटात माझ्या सेंतेवा मावशीचं काम एकच: महाराजांच्या कोकोला फेस आणायचा. उंच धरलेल्या भांड्यातून खालच्या भांड्यात ओतत राहायचं, हात भरून येईपर्यंत. तो फेस महाराजांच्या ओठांपर्यंत टिकायला हवा. परवा तो दारातच बसला. कारभारी ओसोमांनी बजावलं, की आज पुन्हा बसला तर मावशीने मका वाटायला पाट्यावर जायचं आणि तिच्या जागी त्यांची मेहुणी येणार.

मावशीचा खांदा धरला होता, म्हणून मी गाण्याच्या शाळेला दांडी मारून गेले. ओतलं मीच. खोटं कशाला सांगू, असा फेस राजवाड्याने पाहिला नसेल! मग अनवाणी पायांनी, अंगावर जाडंभरडं कांबळं घेऊन आणि नजर जमिनीला खिळवून आम्ही दोघी कारभाऱ्यांच्या मागोमाग आत गेलो. महाराजांचं तोंड बघणं म्हणजे जिवाशी खेळ.

जेवण झालं, पडदा सरकला. मी बघितलं. एकाच डोळ्याने, जरासं. महाराजांच्या वरच्या ओठावर फेसाची जाडजूड मिशी होती! समोर दूरदूरचे सरदार जमिनीला कपाळ टेकून गाऱ्हाणी सांगत होते आणि महाराज त्या मिशीसकट गंभीरपणे ऐकत होते. त्यांना सांगणार कोण? जो सांगेल त्याने बघितलं, हे सिद्धच झालं.

बाहेर येताच कारभारी म्हणाले, "बसला फेस. सेंतेवा, उद्यापासून पाट्यावर."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझी जीभ सुटली.

"बसला कुठे? महाराजांच्या ओठावर आहे अजून. डाव्या बाजूला."

"उजव्या," कारभारी फटकन म्हणाले.

मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कुठे कळलं. मावशीने मात्र सावकाश डोळे पुसले आणि अगदी अदबीने विचारलं, "कारभारी, तुम्हाला कसं हो कळलं?"

कारभाऱ्यांनी नजर स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे वळवली.

"उद्या वेळेवर ये, सेंतेवा," ते म्हणाले. "आणि फेस जरा बेताचा ठेव."