ओहोटीचं कुंड

भूकंप तसा किरकोळच होता. फडताळातली एक बशीसुद्धा फुटली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझे सासरे, तोकुमात्सु, गरम पाण्याच्या कुंडावरून परत आले. मी चहा पुढे केला तेव्हा एवढंच म्हणाले, "पाणी कोमट झालंय."

चौथ्या दिवशी ते थांबलंच.

आमचं हॉटेल सहा खोल्यांचं. बेटाच्या दक्षिण टोकाला, मागे डोंगर, पुढे केवड्याचं बन आणि त्याच्याखाली समुद्र. डोंगरातून उकळता झरा निघायचा, तो दगडी पाटाने कुंडात आणला होता. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं कुंड. लोक कागोशिमा बंदरातून रात्रभर बोटीत कसेबसे झोपून यायचे ते त्या पाण्यासाठी. संध्याकाळी गळ्यापर्यंत बुडून बसायचं, सुती झगा गुंडाळून जेवायला यायचं आणि आडवं व्हायचं. तीन दिवसांत माणसाचा चेहरा सैल होतो, हे मी वीस वर्षं बघत आले होते. सासरे पन्नास वर्षं. रोज सकाळी कोपर बुडवून ते पाण्याची उष्णता बघायचे आणि पाटाची फळी बोटभर वर किंवा खाली करायचे. काम एवढंच, पण ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

आता ते कोरड्या कुंडाच्या काठावर बसून राहू लागले. जेवायला बोलावलं तर यायचे, नाही तर नाही. सरकारी कचेरीतून एक माणूस यंत्रं घेऊन आला, दोन दिवस डोंगर फिरला आणि पाणी परत येईल की नाही ते सांगता येत नाही, असं सांगून गेला. नवरा मासेमारीच्या बोटीवर, मेपर्यंत येणार नव्हता. मी एकटीने सगळ्या पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. एकच फोन लागेना. एतो फुसाए, राहणार बेप्पू.

फुसाएबाई, आमच्याकडच्या रीतीने फुसाए-सान, मंगळवारच्या बोटीने आल्याच. त्र्याहत्तर वर्षांच्या, बुटक्या, पाठीवर गाठोडं. हात मात्र एखाद्या कोळ्याचे असावेत तसे रुंद आणि लाल. मी धक्क्यावरच कमरेत वाकून माफी मागितली आणि काय झालं ते सांगितलं. परतीची बोट शुक्रवारशिवाय नव्हती. घरच्या टबात पाणी तापवून देईन, असं मी म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या. बेप्पूच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांनी एकेचाळीस वर्षं पाहुण्यांचे टॉवेल आणि झगे धुतले होते. भिंतीपलीकडे गरम पाण्याची कुंडं, माणसं तासन्‌तास डुंबतायत, आणि भिंतीच्या अलीकडे या. एकदाही त्यांनी त्या पाण्यात पाय घातला नव्हता. म्हणजे कुणी अडवलं नव्हतं, पण कामावरच्या बायका तिथे जात नसत. मुलाने या वर्षी हट्ट करून आमच्याकडे खोली घेऊन दिली, लांब, जिथे त्यांना कुणी ओळखणार नाही.

"आणि मी आले तर पाणीच पळून गेलं," त्या म्हणाल्या. "मालकीणबाई, तुम्ही कशाला वाकताय? मलाच ते घाबरलं असेल."

संध्याकाळी मी पाहिलं, त्या सासऱ्यांच्या शेजारी कुंडाच्या काठावर जाऊन बसल्या होत्या. सासरे पाहुण्यांशी तसे बोलत नाहीत. पण फुसाए-सान पाहुण्यासारखं विचारतच नव्हत्या, एका कामकऱ्याने दुसऱ्याला विचारावं तसं विचारत होत्या. पाणी किती गरम असायचं, वास कसा होता, पावसाळ्यात काय व्हायचं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या धुलाईघराखालचा गरम पाण्याचा नळ एकदा असाच बंद पडला होता. सगळे वर शोधत राहिले, आणि पंधरा दिवसांनी पाणी निघालं खालच्या आळीत, एकाच्या मुळ्याच्या वाफ्यात. मुळे शिजले होते.

सासरे म्हणाले, त्या सरकारी माणसाने सगळा डोंगर पायाखालून घातला.

"आणि खाली?"

"खाली समुद्र आहे."

"हो, तो दिसतोय मला," फुसाए-सान म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चांद्रमासाची तृतीया होती. त्या दिवशी वर्षातली मोठी ओहोटी लागते आणि गावातल्या बायका समुद्रात उतरतात. पाय तरी भिजवावाच लागतो, नाही तर वर्ष वाईट जातं म्हणतात. दुपारी दीडला पाणी सर्वांत खाली जाणार होतं. टोपल्या, शिंपले उकरायच्या लोखंडी आकड्या, तांदळाचे मुटके घेऊन आम्ही वीसेक जणी केवड्याच्या वाटेने खाली उतरलो. फुसाए-सानही आल्या. मी त्यांना रबरी बूट दिले होते, ते त्यांनी वाटेतच काढून हातात घेतले.

पाणी मागे सरत होतं आणि एरवी कधी न दिसणारे खडक उघडे पडत होते. बायका शिंपले भरत होत्या. फुसाए-सान मात्र डबक्यामागून डबक्यात हात घालत पुढे चालल्या होत्या. त्सुरू आजी आमच्या गावच्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यांची जीभ कुणालाच सोडत नाही. त्या मला मोठ्याने म्हणाल्या, "तुझी पाहुणी आमच्या समुद्राचे कपडे धुवायला आलीय का गं?"

फुसाए-साननी वळून पाहिलं नाही. त्या पार पुढच्या खडकांपाशी पोचल्या होत्या, जिथे मी वीस वर्षांत कधी गेले नव्हते. तिथे थांबल्या. बाकी सगळे खडक शेवाळाने हिरवे होते, आणि तिथला एक पट्टा खरडून काढल्यासारखा पांढरा. त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले आणि तशाच राहिल्या. मग मला हाक मारली, ओरडून नाही, साध्या आवाजात.

"मालकीणबाई, तुमच्या सासऱ्यांना आणा."

मी हात घातला. पाणी गरम होतं. उन्हाने तापतं तसं नाही. खालून, वाळूतून येत होतं, बोटांच्या मधून वर सरकत होतं.

सासऱ्यांचे गुडघे गेलेले. सहा वर्षांत ते किनाऱ्यावर उतरले नव्हते. मी वर धावत गेले, सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चेष्टा असेल तर आताच सांग. मग उठले. मी आणि त्सुरू आजींच्या सुनेने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. खडकावर बसून त्यांनी बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. बराच वेळ. मग बोटभर पाणी जिभेला लावलं.

"खारट झालंय," ते म्हणाले, "पण आपलंच आहे."

तोवर ओहोटी पुरी होत आली होती. समुद्र अगदी शेवटचा एकदा मागे गेला, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यातली वाळू उघडी पडली. सगळीकडून बुडबुडे येत होते. आधी दहा-बारा ठिकाणी, मग मोजता येणार नाहीत इतके. खडकांच्या फटीफटीतून वाफ निघू लागली आणि वाऱ्याने ती आमच्या पायांवरून, टोपल्यांवरून, पार किनाऱ्यापर्यंत गेली. वाफेच्या पलीकडे थंड निळा समुद्र हातभर अंतरावर उभा होता. त्सुरू आजींनी डोक्याचा रुमाल काढला आणि हात जोडले. मग एकेक करत आम्ही सगळ्यांनी जोडले. इतकी वर्षं मी या पाण्याची किल्ली माझ्या कमरेला आहे असं समजत होते.

मग त्सुरू आजीच म्हणाल्या, "बघत काय बसलात? तासाभरात पाणी परत येईल."

शिंपल्यांच्या आकड्यांनी आम्ही वाळू उकरली. दगड उचलून गोल रचले. कमरेएवढा खड्डा झाला, चार जणी बसतील इतका, आणि तो आपोआप भरला. फार गरम होतं, तर सासऱ्यांनी समुद्राच्या बाजूचा एक दगड थोडासा सरकवायला सांगितला. थंड पाण्याची बारीक धार आत आली. पुन्हा कोपर. पुन्हा दगड, बोटभर. मग ते फुसाए-सानना म्हणाले, "पाहुण्यांनी आधी."

त्या नको नको म्हणत होत्या. आधी अंग धुवायला हवं, म्हणाल्या. धुतल्याशिवाय कुंडात उतरायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्सुरू आजींनी टोपलीतले शिंपले ओतून दिले, त्याच टोपलीने समुद्राचं पाणी त्यांच्या खांद्यांवर शिंपडलं आणि म्हणाल्या, "झाली बाई धुऊन. उतर आता."

अंगातल्या हॉटेलच्या सुती झग्यासकटच त्या उतरल्या. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा त्यांनी तोंड थोडं उघडलं, आणि तसंच राहिलं. मला वाटलं रडतील, पण नाही. त्या फार गंभीरपणे समोर बघत होत्या, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून.

"असं असतं होय," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं मला वाटायचं, गरम पाणी तर गरम पाणी."

सासरे काठावर बसून पाय सोडून होते. त्सुरू आजी उतरल्या, मग मी. भरती आली तेव्हा पहिली लाट दगडांवरून थंडगार आत शिरली आणि गरम पाण्यात विरली. दुसरी आली. खांद्याला गरम, पाठीला थंड. आम्ही शेवटच्या क्षणापर्यंत बसलो. थोड्या वेळाने किनाऱ्यावरून पाहिलं तर तिथे नुसता समुद्र होता. इथे काही आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

शुक्रवारची बोट फुसाए-साननी सोडून दिली. पुढच्या शुक्रवारपर्यंत राहिल्या, रोज ओहोटीची वेळ बघून खाली जायच्या. ओहोटी दिवसेंदिवस उथळ होत गेली, मग फक्त पाय बुडवून बसायच्या. दुपारी झोपायच्या. कपडे धुवू का म्हणून दोनदा विचारलं, मी दिली नाही परवानगी.

त्या महिन्यात गावाची बैठक झाली. समुद्रातलं कुंड पक्कं बांधावं, आमच्या हॉटेलाने ते सांभाळावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सासरे उठले आणि म्हणाले, डोंगरातलं पाणी आमचं होतं. हे समुद्रातलं आहे. ज्याला ओहोटी कळते त्याने जावं. सिमेंट नको. पुढे दर चांद्रमासात दोनदा, अमावास्येला आणि पौर्णिमेला, गावच दगड पुन्हा रचू लागलं, कारण लाटा ते पाडतातच.

डोंगरातला झरा काही परत आला नाही. आता पाहुण्यांना खोलीच्या किल्लीबरोबर आम्ही भरती-ओहोटीचा कागद देतो. काही जण वैतागतात. आंघोळीसाठी चंद्राची वाट बघायची म्हणजे काय, असं एकाने विचारलं होतं. सासरे त्याच्या खांद्याचा आधार घेत त्याला खाली घेऊन गेले. दोघं संध्याकाळी परत आले. तो माणूस जेवला, झोपला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ओहोटीची वेळ मलाच येऊन सांगितली.