दहा मिनिटांनी परत करा

सुहासिनीबाईंनी रिसीव्हर खाली ठेवला, पदराला खडूचे हात पुसले आणि शिकवणीच्या मुलांकडे वळता वळता त्या जागीच थबकल्या.

फोनवरचा माणूस इंग्रजी बोलत होता.

"आर्या," त्या म्हणाल्या.

चटईवर पाढे लिहीत बसलेल्या आर्याने मान वर केली. "बाई, कोणाचा होता?"

"कॅनडाचा."

"कॅनडा कुठे आलं?" विघ्नेशने विचारलं. एरवी बाईंनी लगेच कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला असता. आज त्या नुसत्या फोनकडे बघत राहिल्या.

बोळिंजच्या त्या बैठ्या चाळीत फोन पहिल्यांदा बाईंकडे आला, तेव्हापासून आजूबाजूची कितीतरी माणसं स्वतःच्या नावापुढे 'पी.पी.' लिहून बाईंचा नंबर देत आली होती. समोरचा बहुधा एसटीडी बूथवरून बोलत असे. त्यामुळे एक रीतच पडून गेली होती. फोन उचलायचा, कोण हवं आहे ते ऐकायचं, "दहा मिनिटांनी परत करा" म्हणायचं आणि ताबडतोब ठेवून द्यायचा. समोरच्याचं मीटर उगाच पळायला नको. मग वर्गातलं एखादं मूल धावत जाऊन ज्याला त्याला बोलावून आणी. यात उद्धटपणा नव्हता, हाच शिष्टाचार होता. बाईंच्या जिभेला तो इतका सवयीचा झाला होता की इंग्रजी ऐकताच त्यांनी त्याचं भाषांतर तेवढं केलं होतं. "टेन मिनिट्स. कॉल अगेन." आणि ठक्.

"आर्या, धावत जा. शत्रुघ्नभाऊंच्या वाडीवर. हेमांगीला म्हणावं, आत्ताच्या आत्ता ये."

दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. वाडीवर टेलिफोनचे खांब रोवून झाले होते, तारा यायच्या होत्या. हेमांगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. विरारला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून तिने कुठल्या कुठल्या देशांतल्या प्राध्यापकांना ई-मेल पाठवले होते. नुसता अर्ज भरून भागत नाही, असं तिनेच बाईंना समजावून सांगितलं होतं. संशोधन करून मास्टर्सची पदवी घ्यायची, तर आधी एखाद्या प्राध्यापकाने हिला माझ्या हाताखाली घेतो म्हणायला हवं. खर्चही तोच बघणार. बहुतेकांनी उत्तरच दिलं नव्हतं. दोघांनी जागा नाही म्हणून कळवलं. आणि एकाने, अगदी एकानेच, लिहिलं होतं की मला तुझ्याशी बोलायचं आहे, नंबर दे. हेमांगीने बाईंचा नंबर दिला. शेजारच्या पॉलिनकडेही आता फोन होता. पण पहिली ते चौथी बाईंच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला तो सुचला नाही, याचं बाईंना मनातून फार बरं वाटलं होतं. शाळा सुटून इतकी वर्षं झाल्यावर कोण कुणाच्या दारी येतं!

आणि त्यांनी तोच फोन आपटला होता.

"टीचर, काय झाला?" पॉलिन दारात उभी होती. हातात निवडायची मेथी. "पोरगी केवढी पळत गेली. कोन गेला की काय?"

बाईंनी सांगितलं.

पॉलिनने मेथी कट्ट्यावर ठेवली. "कॅनडावाल्याला दहा मिनिटांनी कर म्हटलात? तुम्ही?" आणि मग तिला हसूच आवरेना. "माझ्या भावाला मस्कतवरून असंच परत परत करायला लावायचात. तो बोलायचा, तुमची टीचर काय टेलिफोन खात्याची बॉस हाय का?"

"हसू नकोस गं. मुलीचं नुकसान केलं मी."

"पन सात वाजता येनार होता ना तो?"

"सातच ठरलं होतं. अर्धा तास आधीच आला."

हेमांगी आली ती चपला न घालताच. मागून सायकल हातात धरून तिचा बाप शत्रुघ्न. वाडीतल्या केळीला पाणी लावता लावता तो तसाच निघाला असावा. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता, डोक्यावर टोपी तशीच. तो उंबऱ्याबाहेरच टेकला.

बाईंनी हेमांगीला समोर बसवलं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. चौथीतल्या मुलालाही त्या अशाच सांगत, तुझी वही माझ्याकडून हरवली, म्हणून.

हेमांगीने एकदा फोनकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "बाई, मी उचलला असता ना, मीपण तेच म्हटलं असतं. सवयच आहे. आणि दोन देशांच्या वेळेतला आपला वरचा अर्धा तास त्यांच्या हिशोबात बसत नाही. त्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी पुरेच तास असतात."

"तो परत करील?"

"माहीत नाही."

बाईंनी मुलांना पाढे पुढे लिहायला सांगितले. घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. हेमांगीने येताना उचललेल्या दप्तरातून कागद काढले. संभाव्य प्रश्न, त्यांची पाठ केलेली उत्तरं. कॉलेजातल्या मुलांनी एकमेकांत वाटलेली, सगळ्यांची सारखी.

दहा मिनिटं होऊन गेली. फोन वाजला नाही.

"बाई," शत्रुघ्न बाहेरून म्हणाला. "मी नको बोलत नाय. शिकली ती तिच्या डोक्यानी. पन ही म्हनते, तिकडं परीक्षा थोडी, वर्ग थोडे. एका मानसाच्या हाताखाली दोन वर्सं काम. मंग तो मानूस कोन, कसा? अर्नाळ्याचे लोक पोराला बोटीवर चढवतात ना, ते बोट नाय बघत, ती हाकनारा तांडेल बघतात. मी काय बघू?"

"बाबा, ते मोठे प्रोफेसर आहेत. त्यांचे पेपर—"

"पेपर छापतो म्हंजे मानूस चांगला, असा काय नाय."

पॉलिनने मेथीची काडी मोडत मान हलवली. "तो बोलला ते खरा हाय."

हाच काटा बाईंच्याही मनात होता. फक्त मुलीपुढे तो त्यांनी कधी काढून दाखवला नव्हता. चार ओळींच्या ई-मेलवरून माणूस काय कळणार?

तेवढ्यात फोन वाजला.

कोणी हललं नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बाईंनी हेमांगीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिने उचलला.

लाइनवर समुद्रासारखी खरखर होती. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की रिसीव्हरमधून थोडाथोडा खोलीत सांडत होता. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. संथ. हेमांगी पाठ केल्यासारखी भरभर बोलत होती. कागद मांडीवर. मधूनमधून बाईंच्या कानी ओळखीचे शब्द पडत: वेल, सॉल्ट, क्रीक, टँकर. विषय त्यांना ठाऊक होता. उपसा वाढला तसं गावातल्या विहिरींचं पाणी मचूळ होऊ लागलं, आणि ही पोरगी बाटल्या घेऊन विहिरीविहिरीला हिंडली होती. समुद्राकडची, मग आतली, मग आणखी आतली. कळंबच्या बाजूला, अगदी किनाऱ्याजवळची एक विहीर मात्र गोड्या पाण्याचीच राहिली होती.

पलीकडून एक प्रश्न आला. लहानसा.

हेमांगीने कागदावरून बोट फिरवलं, बोलायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबली.

तिने कागद उलटला. पुन्हा पालथा घातला. मग तो चटईवर ठेवून दिला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

खोलीत खरखर तेवढी ऐकू येत होती.

"काय विचारला?" पॉलिन कुजबुजली. बाईंनी हातानेच तिला गप्प केलं. शत्रुघ्न उठून उभा राहिला होता. "बोल ना," तो पुटपुटला, "बोल काहीतरी." मुलांच्याही पेन्सिली थांबल्या.

बाईंची नजर हेमांगीच्या चेहऱ्यावर होती. हा चेहरा त्यांना माहीत होता. दुसरीत वजाबाकी करताना हातचा कुठून आला ते कळेपर्यंत ही मुलगी अशीच भिंतीकडे बघत बसायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा "मंद आहे का?" म्हणून विचारलं होतं. ती मंद नव्हती. ती आत कुठेतरी गेलेली असायची, आणि आपली आपण परत यायची. मध्ये कोणी हाक मारली, की मात्र सगळं सांडायचं.

आता कोणी हाक मारू नये, एवढंच बाई मनात म्हणत होत्या. पण पलीकडे सात समुद्रांपल्याडचा अनोळखी माणूस. फोनचं मीटर त्याचं चालू. तो म्हणणारच, हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का? किंवा नुसतंच ओके, आणि पुढचा प्रश्न. पंधरा वर्षं बाईंनी या फोनवर माणसं ऐकली होती. क्षणभर शांतता झाली की प्रत्येक जण हॅलो म्हणतोच.

पलीकडून काहीच आलं नाही.

फोन तुटला की काय, म्हणून बाईंनी कान पुढे केला. तुटला नव्हता. खरखरीच्या मागे कप बशीवर अलगद टेकल्याचा आवाज आला. माणूस तिथेच होता.

शांतता लांबत गेली. शत्रुघ्न एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"आय डोन्ट नो," हेमांगी अखेर म्हणाली.

एवढं इंग्रजी शत्रुघ्नलाही कळत होतं. त्याने कपाळाला हात लावला.

पण हेमांगी थांबली नव्हती. हळूहळू, शब्द शोधत शोधत ती बोलत होती. खाली खारं पाणी अडवणारा चिकणमातीचा थर आहे असं मी लिहिलं होतं, पण तसं असतं तर उन्हाळ्यातही कळंबची ती विहीर गोडी राहायला हवी होती. ती राहत नाही. म्हणजे माझं उत्तर चुकलंय. मला ते पुन्हा बघायला लागेल. बाईंना त्यातलं निम्मंच कळलं. मग पलीकडचा आवाज बोलू लागला, मग दोघं एकदमच, मग हेमांगी चक्क हसली. तिने कागदाच्या पाठीवर काहीतरी रेखाटायला घेतलं, विहीर, भरतीची रेघ. समोरच्याला ते दिसणार नव्हतं, तरीही.

फोन ठेवून ती सगळ्यांकडे वळली.

"अर्जात माझं नाव घाल म्हणाले. गाइड म्हणून."

"म्हंजे झाला?" पॉलिनने विचारलं.

"अर्ज जायचाय अजून. पण ते घेतायत मला." मग ती बाईंकडे वळली आणि एकदम रडवेली झाली. "बाई, मी किती वेळ गप्प बसले. मला वाटलं, गेलं सगळं."

"मग ते काय म्हणाले?"

"काहीच नाही."

पॉलिनने तिला जवळ घेतलं, "साखर आणते थांब" म्हणत ती घराकडे वळली, आणि मुलं चटई सोडून हेमांगीभोवती गोळा झाली. बाई उंबऱ्यापाशी आल्या. शत्रुघ्न अजून उभाच होता. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

"बाई, तुम्ही जवळ होता," तो हळूच म्हणाला. "तुमच्या कानावर पडलं. मानूस कसा हाय?"

"चांगला आहे. तिला नीट शिकवील."

"असा काय बोलला तो?"

"ती गप्प बसली होती ना, तेव्हा तो काही बोलला नाही."

शत्रुघ्नला ते कळेना. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"म्हणूनच सांगते, भाऊ," बाई म्हणाल्या. "पाठवा तिला."

त्याने आत पाहिलं. मुलांच्या घोळक्यात हेमांगी गुडघ्यावर पृथ्वीचा गोल घेऊन बसली होती, आणि विघ्नेश तिच्या बोटामागून बोट फिरवत होता. शत्रुघ्नने मग स्टुलावरच्या त्या काळ्या फोनकडे पाहिलं आणि कुणा मोठ्या माणसासमोर काढावी तशी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.