गरज संपली

दवाखान्यात ‘डॉक्टर’ म्हणून आलेल्या त्या माणसाला ताप मोजता येत नाही, हे सिस्टरला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. एका आजीने त्याच्यापुढे जीभ काढली, तर तो दोन पावलं मागे सरला. त्याची डॉक्टरकी माणसांच्या वागण्याची आणि शहराच्या अर्थकारणाची होती. माणसं दवाखान्यात का येतात यावर त्याने जाडजूड प्रबंध लिहिला होता, आणि तोही त्यांच्यापैकी एकालाही न विचारता.

पालिकेने या संशोधकाला दवाखान्यातली गर्दी कमी करायच्या प्रयोगासाठी दोन महिने दिले होते. पहिले चार दिवस तो कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसता बघत बसला. पाचव्या दिवशी त्याने निदान केलं की दुखणं माणसांचं नाही, बाकांचं आहे.

“सिस्टर, इथे येणाऱ्या तिघांतल्या एकाला काहीही झालेलं नसतं,” तो म्हणाला. “बसायला जागा आहे, पंखा आहे, बोलायला माणसं आहेत. असं असलं की आजार सुचतात.”

आता यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. एक निवृत्त पोस्टमन रोज सकाळी गुडघ्याचं निमित्त करून यायचा आणि अख्ख्या वस्तीच्या बातम्या देत बसायचा. सिस्टरने त्याला कितीदा तरी हाकललं होतं. पण एका पोस्टमनसाठी सहा बाक उचलायचे, एवढी अक्कल पाजळायला विद्यापीठच लागतं.

“आणि ज्यांना खरंच काही झालंय, त्यांनी कुठे बसायचं?” सिस्टरने विचारलं.

“ज्याला खरी गरज आहे, तो उभा राहतो,” असं म्हणून त्याने खुर्चीत बसल्या बसल्या ते वहीत टिपून घेतलं.

बाक मागच्या कोठीत गेले. दारात नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र आलं. यंत्रामागून संशोधकाची, लॅपटॉपवाली दोन माणसं आली आणि रुग्णांच्या कार्डांचा खोका त्यांच्या ताब्यात गेला. रांग मोडायची नाही, कुणाला मधूनच आत घ्यायचं नाही, नाहीतर आकडे बिघडतात, अशी सक्त ताकीद मिळाली. आकडे हे त्या दवाखान्यातले सगळ्यात नाजूक रुग्ण होते.

सिस्टरला पहिली आठवण झाली ती शिंपीकाकांची. काकांना क्षय होता. सहा महिने, रोज येऊन, सिस्टरच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या, असा त्यांचा उपचार. चार महिने पार पडले होते. खोकल्यातून येणारं रक्त थांबलं होतं, पण पाय अजून लटपटत होते. मध्येच गोळ्या सुटल्या तर रोग पुन्हा उसळेल आणि घरात आणखी कुणाला धरेल, हे सिस्टरने त्यांच्या मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं होतं. घर म्हणजे एक खोली, एक शिलाई मशीन आणि पाच माणसं. सात वर्षांची नात आजोबांना एवढी चिकटलेली की त्यांच्या मांडीवरून उठायची नाही.

पहिला आठवडा काका रोज तास-सव्वा तास भिंतीला टेकून उभे राहिले. दोनदा सिस्टरने त्यांना बाजूच्या दाराने आत घेतलं. दुसऱ्यांदा संशोधकाने पाहिलं.

“यांना गोळ्या द्यायला मला अर्धं मिनिट लागतं, सर.”

“प्रश्न अर्ध्या मिनिटाचा नाही, सिस्टर. तुम्ही त्यांना सवय लावताय.”

“गोळ्यांचीच लावतेय. तीच लावायचा पगार मिळतो मला.”

पुढच्याच सोमवारी तिच्या हातात कागद पडला. रुग्णांचं वर्तन कसं समजून घ्यावं, याचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सव्वीस वर्षं रुग्णांच्या ओकाऱ्या, शिव्या आणि रडारड झेललेल्या बाईला आता रुग्ण म्हणजे काय ते शिकवणार होते. निघताना तिने कंपाउंडरला बजावलं, “काकांची एकही गोळी चुकता कामा नये. आले नाहीत तर घरी जा.” कंपाउंडरने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

प्रशिक्षणात मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. सिस्टरने दोनदा फोन केला. “सगळं ठीक आहे,” कंपाउंडर म्हणाला.

ती परतली तेव्हा दवाखाना कसा मोकळा मोकळा दिसत होता. संशोधकाचा आनंद गगनात मावत नव्हता. “एकतीस टक्के गर्दी उतरली, सिस्टर!” सिस्टर सरळ टेबलाकडे गेली. तिने कार्डांचा खोका ओढला. काकांच्या कार्डावरची शेवटची खूण एकोणीस दिवसांपूर्वीची होती. तिच्याखाली निळा शिक्का: ‘गरज संपली’.

“हे काय आहे?”

“सलग तीन दिवस जो आला नाही, त्याची गरज संपली असं आम्ही धरतो,” संशोधक म्हणाला. “गरज असती तर आला असता ना?”

सिस्टरने कंपाउंडरकडे पाहिलं. “कार्डं आता त्यांच्याकडे असतात,” तो पुटपुटला. “शिक्का बघितला, म्हटलं वरून आलं असेल.” त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच, गणवेशातच, काकांच्या घरी गेली. काका मशीनशेजारी अंथरुणावर पडले होते. उशाशी वाडगं होतं आणि वाडग्यात काय आहे हे तिला वाकून बघावं लागलं नाही.

“रांगेत दोनदा चक्कर येऊन पडलो, सिस्टर,” काका म्हणाले. “दुसऱ्यांदा त्या साहेबानेच उठवलं. पाणी दिलं. मग विचारलं, तुम्ही स्वतःच्या इच्छेने घरी जाताय का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?”

“सिस्टर परत आल्या की जाईन, असं म्हणत होते,” सून म्हणाली. तिच्या मागून नात खोकली.

“ही कधीपासून खोकतेय?”

“झाले आठ-दहा दिवस. थंडीचं असेल.”

सिस्टरला त्या क्षणी रडावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली. दवाखान्यात परतल्यावर तिने कंपाउंडरला कोठीशी उभं केलं, बाकाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. “प्रयोगाचे अजून दहा दिवस आहेत!” संशोधक ओरडत राहिला. सहाही बाक जागेवर आले.

तपासण्या झाल्या. काकांचे चार महिने पाण्यात गेले. उपचार पहिल्या गोळीपासून पुन्हा सुरू झाला. नातीचं नवं कार्ड निघालं. दोघं रोज सकाळी बाकावर शेजारी शेजारी बसायची, आणि गोळ्या कडू लागतात म्हणून ती आजोबांवर रुसायची.

महिन्याभराने संशोधकाचा फोन आला.

“सिस्टर, अहवाल छापायला चाललाय. तुमच्याकडचा आलेख छान खाली उतरतोय, पण शेवटी शेवटी रोजचे दोन जण वाढलेले दिसतात. कोण आहेत हे?”

“एक शिंपी आणि त्याची सात वर्षांची नात.”

पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. “दोनच ना? मग हे दोन वगळले तर चालेल का?”

“आधी एकच होता, सर,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही त्याला वगळलंत, म्हणून दोन झाले.”

पलीकडे पुन्हा टाइप केल्याचा आवाज आला.

“बरं,” तो म्हणाला, “मग तळटीप टाकतो.”