पाद्रीच्या मापाचं दार

मेडार्डची कबुतरं शर्यतीतून सगळ्यांत आधी घरी यायची आणि सगळ्यांत शेवटी आत शिरायची. एकोणीसशे सत्तावन्न साली, शेल्ड नदीकाठच्या त्या गावात, माणसाला याहून मोठी नामुष्की नव्हती. कबूतर छपरावर बसलं म्हणजे आलं असं कुणी धरत नसे. ते ढाबळीत शिरलं, त्याच्या पायातलं रबरी कडं काढून घड्याळाच्या पेटीत टाकलं, किल्ली खटकन फिरून आत वेळ उमटली, की मग ते आलं. मेडार्डची ढाबळ घराच्या माळ्यावर, कौलांखालच्या एका काळोख्या भोकाआड होती. कबुतरं वर कौलांवर बसून निवांत पिसं साफ करत आणि खाली मेडार्ड वाटाण्यांचा डबा खुळखुळवत राही. समोरच्या कॅफेतली माणसं बिअरचे ग्लास घेऊन दारात येऊन बघत.

त्या कबुतरांतला सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत सुस्त नर म्हणजे पाद्री. अंगाने करडा, गळ्याभोवती पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा, म्हणून ते नाव. इस्टरनंतरच्या शर्यतीत तो एकोणीस मिनिटं धुराड्यावर बसला आणि शेजारच्या सिरिलचं कबूतर मागून येऊन जिंकलं. त्या दिवशी मेडार्डने बायकोला, सिडोनीला, सांगून टाकलं, की हा आणखी एकदा असा बसला तर सोमवारी वाटाण्यांबरोबर शिजेल. ती नुसती धमकी नव्हती. आत न शिरणारं कबूतर हंडीत जायचं, असा तिथला रिवाजच होता आणि सिडोनीने स्वतः अशी कितीतरी सोलली होती. पण पाद्रीला तिने पिल्लू असल्यापासून भिजवलेले दाणे हाताने भरवून जगवलं होतं. त्याच्यावर तिची सुरी चालणार नव्हती.

"दोष पाखराचा नाही, तुझ्या दाराचा आहे," ती म्हणाली.

"ते दार माझ्या बापाने केलंय."

"मग तो तरी शिरला असता का त्यातून?"

सिडोनी गावची शिवणकाम करणारी. नवीन ढाबळ होईपर्यंत पाद्रीला शर्यतीला पाठवायचं नाही, एवढं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. मग आठवडाभर, शिवण बाजूला टाकून, ती माळ्यावर उपडी बादली घालून बसली आणि नुसती बघत राहिली. भर उन्हातून आलेलं पाखरू त्या काळ्या भोकापाशी थबकतं, आतलं काही दिसत नाही म्हणून परत वर जातं, हे तिने पाहिलं. कौलांवर बसायला जागा ऐसपैस, मग ते आत येईल कशाला?

बागेच्या टोकाला, कोबीच्या वाफ्यांपलीकडे, नवीन ढाबळ उभी राहिली. लाकूडकाम मेडार्डचं, आराखडा सिडोनीचा, तोही फ्रॉक बेततात त्या खाकी कागदावर. तोंड आग्नेयेला, म्हणजे सकाळचं ऊन आत. छप्पर इतकं उतरतं की त्यावर पाय ठरू नये. पुढच्या अंगाला पूर्ण रुंदीची जाळीची पडवी, तिथे कबुतरांनी दिवसभर ऊन खात बसायचं, आभाळ ओळखीचं करून घ्यायचं. आणि आत येण्याची वाट त्या पडवीतूनच ठेवली, म्हणजे वरून उतरणाऱ्याला खालची आपली मंडळी उजेडात दिसावीत. वाटेवर लोंबत्या तारांची ओळ. डोक्याने ढकललं की आत सरकणारी, पण आतून ढकललं तर खालच्या लाकडी पट्टीला अडणारी. तारा म्हणजे मेडार्डच्या जुन्या सायकलचे स्पोक. दोन तारांत अंतर किती ठेवायचं, यासाठी तिने पाद्रीलाच मांडीवर घेऊन त्याच्या छातीभोवती टेप लावली.

"शर्ट शिवतेस का त्याला?" मेडार्डने विचारलं.

"तुझ्यापेक्षा स्थिर उभा राहतो."

माळ्यावरचं भोक बुजवलं. कबुतरं दोन आठवडे पडवीत कोंडली, मग संध्याकाळच्या भुकेला थोडी थोडी सोडली. तारा किणकिणायच्या, पाखरं आत. सिडोनी मोजायची; दहा सेकंदांच्या वर कुणी घेतले नाहीत.

जुलैत दूर दक्षिणेच्या ओर्लेआं शहरातून सुटणारी शर्यत आली. रविवारी सकाळी रेडिओवर सांगितलं, की कबुतरं सहाला सोडली, वारा पाठीशी आहे. मेडार्ड चर्चमधून धावतच आला. बघायला सिरिल येणार, कॅफेतले येणार, म्हणून तो काळ्या सुटात होता आणि डोक्यावर कोरी करकरीत हॅट. तसाच तो ढाबळीशेजारी छाती काढून उभा राहिला. कुंपणापलीकडे दहा-बारा माणसं माना वर करून उभी होती.

अकराला दहा कमी असताना पाद्री आला. पंख मिटून तीरासारखा खाली आला, पडवीपर्यंत पोचला आणि एकदम फडफडून परत वर गेला. एक घिरटी, मग दुसरी. कुणीतरी हळूच हसलं.

सिडोनीने पाखराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आयुष्यभर पाद्रीने त्याला मळक्या करड्या डगल्यात पाहिलं होतं. हा काळा उंच माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता.

"मेडार्ड, आडवा हो."

"काय?"

"कोबीत. आत्ताच्या आत्ता."

एवढ्या वर्षांत तिने त्याला असा हुकूम कधी सोडला नव्हता, म्हणूनच असेल, मेडार्ड सुटासकट, हॅटसकट कोबीच्या वाफ्यात पालथा पडला. पाद्रीने तिसरी घिरटी पुरी केली नाही. तो सरळ पडवीत उतरला, तारा किणकिणल्या आणि तो आत. सिडोनीने कडं काढलं, पेटीत टाकलं, किल्ली फिरवली. सिरिलचं पहिलं कबूतर दिसायला त्यानंतर चार मिनिटं लागली.

दुपारी घड्याळाची पेटी कॅफेत तिनेच नेली, कारण मेडार्ड गुडघे धूत होता. निकालाच्या टेबलाशी बाई बसायची पद्धत नव्हती. पण त्या दिवशी कुणीतरी खुर्ची सरकवली आणि ती बसली. पेट्या उघडल्या. गावात पाद्री पहिला. तो हंडीतून सुटला होता, आणि तिला एकाएकी इतकी भूक लागली की तिने चीजचा पाव मागवला.

मेडार्ड आला तेव्हा सिरिल घडीची मोजपट्टी उघडून वाटच पाहत होता. तारांमधलं अंतर किती, पडवी किती खोल, छपराचा उतार किती, त्याने एका दमात विचारलं.

"मला काय विचारतोस?" मेडार्ड म्हणाला. "मी तर कोबीत होतो."

सगळा कॅफे हसला, आणि सर्वांत मोठ्याने तो स्वतः. सिरिलने मोजपट्टी घेऊन खुर्ची फिरवली आणि सिडोनीच्या समोर बसून, ग्लास बाजूला सारून, तो कागदावर लिहून घेऊ लागला.