किडकिडीत

एनिड थ्वेटने दोन्ही हात कुत्र्याच्या खांद्यांवरून बरगड्यांवर आणि बरगड्यांवरून कमरेपर्यंत नेले, आणि खोट सापडेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टेबलावरचा तो व्हिपेट जातीचा राखी कुत्रा मात्र जागचा हलत नव्हता. टेबलाच्या पलीकडे त्याचा पट्टा धरून मार्जरी क्रॉस्टन उभी होती.

"वय?" एनिडने विचारलं. कुत्र्यांच्या प्रदर्शनात, रिंगमध्ये परीक्षकाने याहून फारसं बोलायचं नसतं.

"तीन वर्षं."

"दात दाखवा."

दातही मेले सरळच होते.

अकरा वर्षांपूर्वी हॉकरिगच्या याच मैदानावर टेबलाच्या त्या बाजूला एनिड होती आणि या बाजूला मार्जरी. एनिडच्या लिनेट नावाच्या कुत्रीला मार्जरीने दुसरा नंबर दिला आणि रिवाजाप्रमाणे कुत्र्यांच्या साप्ताहिकात तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. बारीक अंगासाठी इथल्या भाषेत शब्दांचा काही तोटा नाही. शेलाटी, सडपातळ, शिडशिडीत, लांबसडक पायांची, नाजूक हाडाची. व्हिपेट पाळणारी माणसं यातल्या एका शब्दावर वर्षभर खुशीत राहतात. मार्जरीने यातला एकही लिहिला नाही. तिने लिहिलं, 'किडकिडीत'. वर चहाच्या तंबूत चारचौघांत म्हणाली, "मालकिणीवरच गेलीय बया."

एनिड होतीच तशी, सहा फुटांची, मनगटाची हाडं वर आलेली. शाळेत असताना या अंगापायी तिने पुष्कळ ऐकून घेतलं होतं. पन्नाशीत पुन्हा ऐकावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. 'किडकिडीत आली' असं लोक तिच्या पाठीमागे म्हणू लागले, आणि पाठीमागचं बोलणं तिला नेमकं ऐकू येई. लिनेटला चार पिल्लं झाली, ती कुणी घेईना. तीन तिने ओळखीपाळखीत वाटली. चौथी, मिस्ट, एक शाळामास्तरीण 'घरात सोबत हवी' म्हणून घेऊन गेली. पुढे लिनेट गेली, आणि एनिडने पुन्हा कुत्री पाळली नाही. तिच्या पैदाशीचं 'थॉर्नबेक' हे नाव तिथेच संपलं.

पंधरा दिवसांपूर्वी ठरलेला परीक्षक शिडीवरून पडला आणि समितीचा एनिडला फोन आला. नोंदणी बंद झाली होती, यादीत मार्जरीचं नाव असणारच होतं. एनिडने हो म्हणायला क्षणभरही वेळ घेतला नाही. तिने कागदावर तोच शब्द लिहून पर्समध्ये घडी करून ठेवला. अडचण एकच होती. साप्ताहिकात फक्त पहिल्या दोन नंबरांबद्दल लिहितात. ज्याला रिंगबाहेर काढलं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे तिचं नाक कापायचं तर आधी तिला बक्षीस देणं भाग होतं.

"एनिड, आटप की गं," रिंगचा कारभारी नॉर्मन बिबी हळूच म्हणाला. "आभाळ बघ जरा. तुझं पाय मोजणं संपेपर्यंत सगळे भिजतील."

एनिडने बोट दाखवलं. पहिला, मार्जरीचा राखी. एवढं खरं की सूड नसता तरी तिने त्यालाच निवडलं असतं, आणि याचाच तिला जास्त राग आला. पहिल्या नंबरचं लाल कार्ड घेताना मार्जरी हसली नाही. तिची नजर नॉर्मनच्या काखेतल्या यादीवर होती.

परीक्षण संपेपर्यंत परीक्षकाने यादी बघायची नसते; त्याच्यापुढे नुसते नंबर असतात. तंबूत बसून एनिडने चहा ओतला, पर्समधला कागद काढला आणि मग यादी उघडली. नंबर सतरा. मालक आणि पैदास, मार्जरी क्रॉस्टन. बाप तिच्याच घरचा. आई, थॉर्नबेक मिस्ट.

तिने ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. हे नाव तिनेच ठेवलेलं. पिल्लू कुणाकडेही जावो, पैदास करणाऱ्याचं नाव त्याला आयुष्यभर चिकटतं, कुणाला ते खोडता येत नाही. चहा गार झाला.

"पाहिलंत ना." तंबूच्या दारात मार्जरी उभी होती. कुत्रा तिच्या पायाशी.

"ती मास्तरीण कोण होती?"

"माझी मावसबहीण."

"म्हणजे आधी लिनेटला नाव ठेवलंत, आणि मग तिचंच पिल्लू दुसऱ्याच्या हातून पळवलंत."

"पळवलं नाही हो. तुम्हीच दिलंत." मार्जरी आत आली आणि खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली. "लिनेटला टेबलावर हात लावला तेव्हाच मला कळलं होतं, असं जनावर माझ्याकडे कधी निपजलं नाही. तुम्ही दोन वर्षांत मला मागे टाकलं असतंत. झालं, लिहून बसले."

एनिडला तिच्या मुस्काटात भडकवावीशी वाटली. तिने कप बाजूला सरकवला.

"मिसेस थ्वेट, मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय, माझ्याकडे बाहेरचं रक्त नाही. यादीतली बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. तुमचं लिहिलेलं मात्र सगळे वाचतील." तिचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं आणि तिने तो शब्द वाचला. तिला जणू सुटल्यासारखंच झालं. "हेच लिहा ना. चालेल मला. याहून वाईट लिहा. फक्त त्याच्या आईचं नाव नको."

तंबूबाहेर नॉर्मन कुणाशी तरी पोर्कचे पॅटिस संपल्याबद्दल भांडत होता. एनिडने तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. सावकाश लिहीत होती, आणि लिहिताना मोठ्याने म्हणत होती.

"पहिला. अतिशय शेलाटा नर. लांब, डौलदार मान. नाजूक तरी भक्कम हाड. चालताना पाण्यासारखा."

"मिसेस थ्वेट..."

"ही ठेवण त्याला आई थॉर्नबेक मिस्टकडून आणि आजी थॉर्नबेक लिनेटकडून आलेली आहे. आजीचं परीक्षण याच मैदानावर अकरा वर्षांपूर्वी मिसेस क्रॉस्टन यांनी केलं होतं. वाचकांनी तो अंक जरूर काढून पाहावा."

मार्जरी खुर्चीत बसली. एनिडने कागद तिच्यापुढे सरकवला आणि शेजारी पेन ठेवलं.

"वाचा. कुठे खोटं असेल तर खोडा. मी तसंच पाठवीन."

मार्जरीने चष्मा लावला. ओळी चारच होत्या, पण तिला बराच वेळ लागला. पेन तिने दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. बाहेर पाऊस सुरू झाला.

"नाही," ती अखेर म्हणाली. "खोटं काही नाही."

एनिडने कागद ओढून घेतला आणि खाली सही केली.