पत्रिकेत आलेले इस्पिक

मित्रांनो, ज्याच्या डोक्यावर सध्या कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवलेली आहे, तो मी. एक जुना संगणक. जात तीनशे शहाऐंशी, मुक्काम आष्टा, तालुका वाळवा. बरणी पाझरते. तिचा खार माझ्या पाठीच्या फटींतून आत उतरतो आणि जिथे एके काळी माझी बुद्धी होती तिथे साचतो. याच डोक्यावर लोकांनी एकदा अक्षता टाकल्या होत्या. किळस मला तेव्हाही आली होती, पण ती जरा वरच्या दर्जाची होती.

माझ्या जन्माबद्दल अभिमानाने सांगावं असं काही नाही. पडदा एका देशाचा, पोट दुसऱ्या देशाचं, आणि जोडणी पुण्यात एका जिन्याखाली. १९९२ साली विष्णुपंत ज्योतिषी मला तिथून घेऊन निघाले ते एसटीने, मांडीवर ठेवून. कंडक्टरने विचारलं, "टीव्ही हाय का?"

"ज्योतिषी आहे," विष्णुपंत म्हणाले.

कंडक्टरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नक्की कोण, हे न विचारता तो पुढे गेला.

विष्णुपंतांनी माझ्यात पत्रिका काढायचा प्रोग्राम घातला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटावीत म्हणून एक खास कार्ड बसवलं. मग मी कामाला लागलो. जन्माची तारीख, वेळ आणि गाव सांगा; तोंडातलं पान चघळून होईपर्यंत कुंडली तयार. मुलामुलीच्या पत्रिका जुळवायच्या तर छत्तीसपैकी किती गुण जमतात तेही लगेच सांगायचो. लोक चपला बाहेर काढून आत यायचे. "गुरुजी बदलला की गुण बदलत्यात, ह्याचं तसं न्हाई," असं म्हणायचे. हे ऐकून विष्णुपंत गप्प बसायचे, कारण गुण बदलणारे गुरुजी बहुतेक वेळा तेच असायचे.

माझ्यात एकच खोट होती. घड्याळाची बॅटरी पहिल्याच वर्षी मेली. त्यामुळे मला बंद करून पुन्हा सुरू केलं की माझ्यासाठी १ जानेवारी १९८० उजाडायचा. दुसऱ्या कुणी बॅटरी बदलली असती. विष्णुपंत म्हणाले, "देवाला तरी रोज कुठे ठाऊक असतं? संकल्पात आपणच सांगतो ना, कुठलं संवत्सर, कुठला मास, कुठली तिथी." तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून ते माझ्यासमोर बसायचे, मोठ्याने आजची तिथी सांगायचे आणि मग ओल्या बोटांनी तारीख टाइप करायचे. ओली बोटं सोडली, तर माझ्या आयुष्यात शिसारी न आणणारी ही एवढी एकच गोष्ट.

बाकी सगळा आनंदच होता. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. फ्लॉपी जिथून आत घालतात त्या माझ्या तोंडात चिमूटभर कुंकू सोडलं जायचं, कारण कुणीतरी विचारलं होतं, "ह्याचं कपाळ कोणतं?" आणि कुणालाच सांगता आलं नव्हतं. पंख्याच्या भोकांवर झेंडूचा हार यायचा. मी गुदमरून गरम झालो की लोक हात लावून म्हणायचे, "बघा, जागृत हाय." विष्णुपंतांचा मुलगा पुष्कर माझ्यापाशी बसून भडंग खायचा. त्यातले शेंगदाणे बटणांच्या खाली जायचे. माझं एक बटण पुढे दाबलं की कुरकुरायचं.

हा पुष्कर. सांगलीला कम्प्युटरचा कोर्स करून तो परत आला ते साल १९९६ होतं. येताना त्याने पिशवीभर फ्लॉप्या आणल्या.

"बाबा, विंडोज पंच्याण्णव आणलंय. डॉस आता मेलं."

"मला तर चालताना दिसतंय," विष्णुपंत म्हणाले.

"तसं नव्हे हो. जग पुढं गेलं."

"जाऊ दे. आष्ट्याला थांबा नाहीये त्याचा."

पुष्करने फ्लॉप्या तेवढ्यापुरत्या कपाटात ठेवल्या. पण विष्णुपंत साताऱ्याला भाच्याच्या मुंजीला गेले, आणि त्यांची एसटी स्टँडवरून हलायच्या आत त्याने माझ्या तोंडात पहिली फ्लॉपी घातली. मग दुसरी. मग तिसरी. मित्रांनो, लग्नात आग्रहाने वाढतात तशा त्या येतच राहिल्या. नवीन माणसासाठी शिवलेला सदरा म्हाताऱ्याच्या अंगात घालता येतो. इथे नवीन माणूसच म्हाताऱ्याच्या अंगात घालायचं चाललं होतं. माझी स्मरणशक्ती पुरेना, म्हणून पुष्करने कुठून तरी आणखी एक पट्टी आणून माझ्या पोटात खुपसली. अखेरीस माझ्या पडद्यावर निळं आकाश आणि ढग आले. ढग बघून पुष्करला भरून आलं. मला मळमळलं. मेंढीच्या अंगावर हत्तीची झूल घालावी आणि वर मेंढीलाच म्हणावं, चाल आता मिरवणुकीत.

मी चालू व्हायला एवढा वेळ घेऊ लागलो की पुष्कर बटण दाबून दूध आणायला जायचा. मराठी अक्षरांच्या कार्डाची आणि या नव्या पाहुण्याची तर ओळखच पटली नाही. पुष्करने ते तपासलंसुद्धा नाही. ढग दिसत होते, तेवढं त्याला पुरलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात पलूसहून लालासाहेब आले.

लालासाहेबांची उसाची शेती. मुलगी शिवांजली, बी.कॉम.ला. तिच्यासाठी वडूजचं स्थळ आलं होतं: ऋषिराज, फौजेत शिपाई. पाहण्याच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि पोह्यांत मीठ नसल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, यावरून काय ते सगळ्यांना कळलं. पण एका गुरुजींनी पत्रिका जुळते म्हटलं आणि दुसऱ्यांनी नाही म्हटलं. तेव्हा लालासाहेबांनी ठरवलं की आष्ट्याचं यंत्र सांगेल ते खरं. ऋषिराजची सुट्टी संपली होती. त्याला संध्याकाळी मिरजेहून गाडी पकडायची होती. म्हणून मग सगळेच आले: लालासाहेब, त्यांची बायको बनुबाई, "मी येणारच" म्हणून आलेली शिवांजली, आणि ऋषिराजबरोबर त्याचे मामा बाळासो.

पुष्करने दोघांच्या जन्मवेळा टाइप केल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर ते वाळूचं घड्याळ आलं. आलं आणि राहिलं.

"हे डमरू कशाला हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"विचार करतोय तो," पुष्कर म्हणाला.

"म्हंजे महादेवाला इचारतंय."

बाळासोमामांनी हात जोडले. त्यांचं बघून सगळ्यांनी जोडले. मी आतून घरघरत होतो. मला महादेव दिसत नव्हता; मला फक्त माझी डिस्क दिसत होती, आणि तिच्यात श्वास घ्यायलाही जागा नव्हती. शिवांजली माझ्याकडे टक लावून बघत होती. परीक्षेच्या निकालाकडेसुद्धा कुणी असं बघत नाही. मित्रांनो, उत्तर मी कधीच काढलं होतं. अठ्ठावीस गुण, नाडीदोष नाही. उत्तम विवाह. ते फक्त बाहेर काढायचं होतं.

शेवटी प्रिंटर किरकिरला आणि कागद बाहेर आला. लालासाहेबांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"इस्पिक," ते म्हणाले. "परत इस्पिक. बदाम. ही चौकट. परत इस्पिक." त्यांनी कागद खाली केला. "आन् शेवटाला एक तोंड हसतंय."

खरं होतं. मराठी अक्षरांना घर उरलं नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी माझ्या पोटातली कुठली कुठली चिन्हं बाहेर पडली होती. पुष्करने एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे ढगांचा पराभव. तो खाकरला आणि म्हणाला, "ही नवीन पद्धत आहे."

"नवी पद्धत म्हंजे?"

"चित्रातून सांगतो आता."

लालासाहेबांनी सावकाश मान वळवून ऋषिराजकडे पाहिलं. "पत्ते खेळतोस?"

ऋषिराजने तोंड उघडायच्या आत बाळासोमामा बोलले. "आवं, पलटणीत समदीच वाईच खेळत्यात. पर हे ह्याला सांगितलं कुनी?"

"मामा, तुमी गप बसा की," ऋषिराज म्हणाला.

"मी काय बोललो? ते यंत्रच बोलतंय."

लालासाहेब उठले. "चला. जुगाऱ्याच्या घरात पोरगी देत न्हाई मी."

ऋषिराजचा चेहरा पडला. फौजेत चेहरा सरळ ठेवायला शिकवतात म्हणे. ते बहुधा गोळीबारापुरतं असावं. बनुबाई पदर सावरून उठू लागल्या. मी किंचाळायचा प्रयत्न केला. माझ्यातून फक्त एक बारीक टुंग आलं, आणि पुष्कर म्हणाला, "झालं, मेमरी भरली."

"आबा, थांबा," शिवांजली म्हणाली. ती खुर्चीतून हललेली नव्हती. "आलोच हाय तर तुमची बी काढू."

"माझी कशाला? माझं लगीन झालंय."

"म्हणूनच. तुमची आन् आईची घालू. झाल्या लग्नाचं बरोबर सांगतंय का बघू. मग ह्याचं खरं मानू."

लालासाहेबांना यात खोट काढता येईना. बनुबाईंची जन्मवेळ कुणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा, "म्हशी धुवायच्या टायमाला," असं लालासाहेबांनी सांगितलं आणि पुष्करने ते आकड्यात बसवलं. परत डमरू. परत सगळ्यांचे हात जुळलेले. आता बाळासोमामांनी डोळेही मिटले होते आणि ते बारीक घोरत होते.

दुसरा कागद आला. शिवांजलीने तो आधी स्वतः घेतला आणि मग आईच्या हातात दिला. त्यावर बदामांची एक अख्खी रांग होती. इस्पिक तर कागदाच्या कडेला जाऊन टेकले होते. तोंडं दोन हसत होती.

बनुबाई सकाळपासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांनी कागद नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे यंत्र आपल्या घरी येऊन गेलंय व्हय?"

"आता ह्यात तू पडू नगंस," लालासाहेब म्हणाले.

"बेंदराच्या सणाला बैलं दारात उपाशी ठिवून सोसायटीच्या गोडाऊनमागं कोन बसलं हुतं, ते बी ह्यात आसंल. बघा की. तुमाला वाचता येतंय ते."

लालासाहेबांनी कागदाकडे न बघता कागद घेतला.

"मी नांदलेच न्हवं जुगाऱ्याच्या घरात?" बनुबाई म्हणाल्या. "मग ही बी नांदंल. आन् ह्या पोराचं इस्पिक तुमच्यापरीस कमी हायती."

लालासाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. त्यांचे ओठ हलत होते. मोजून झाल्यावर ते पुन्हा खुर्चीत बसले.

"लय कमी हायती," ते म्हणाले.

असं ते लग्न ठरलं, मित्रांनो. बाळासोमामांना जागं करून पेढा भरवला. पिशवीत अक्षता होत्याच. त्यातल्या मूठभर माझ्या डोक्यावर आल्या, त्यातल्या सात-आठ थेट पंख्यात गेल्या. ऋषिराज धावत मिरजेची एसटी पकडायला गेला. आणि माझे अठ्ठावीस गुण आतच पडून राहिले. ते कुणी विचारलेच नाहीत. खरं उत्तर पोटात ठेवून खोट्यासाठी पेढा खायचा, तोही आपल्या तोंडात कुणी घालत नाही, याहून ओंगळ दिवस मी पाहिलेला नाही.

साताऱ्याहून परतलेल्या विष्णुपंतांना पुष्करने सगळं कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून माझ्यासमोर बसले आणि त्यांनी मोठ्याने तिथी सांगितली. पण ढग येऊन मी पूर्ण जागा होईपर्यंत तिथी बदलली होती.

पुढची दोन वर्षं मी चित्रांच्या पत्रिका काढल्या. लोक विट्याहून, तासगावहून यायचे. आपल्याला किती इस्पिक आले यावर चहाच्या गाड्यावर वाद घालायचे. एकाने चौकट आली म्हणून घराची खिडकी बुजवली. शेवटी माझी तब्येतच गेली, आणि नवीन संगणक आला. मला माळ्यावर ठेवायच्या आदल्या दिवशी विष्णुपंतांनी एकट्याने बसून माझ्यातलं ते सगळं खरवडून काढलं आणि जुनं डॉस परत घातलं. "जाताना तरी अंग मोकळं असू दे," ते म्हणाले. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. मग त्यांनीच बरणी वर ठेवली.

मग १९९८ सालीच शिवांजली आणि ऋषिराज बाळाची पत्रिका काढायला आले. बरोबर आजोबा म्हणून लालासाहेब. नव्या संगणकाने स्वच्छ मराठीत पत्रिका दिली. लालासाहेबांना ती पटेना.

"ह्याला काय अर्थ हाय? हे नुसतं लिवतंय. आमचं जुनं कुठाय?"

"आबा, राहू द्या," शिवांजली म्हणाली. पण ती हसत होती, आणि ऋषिराज भिंतीकडे बघत होता.

मला खाली उतरवलं. विष्णुपंतांनी धोतराच्या सोग्याने माझं तोंड पुसलं. आतून एक झुरळ निघालं, मागोमाग त्याचं कुटुंब निघालं. मग ते समोर बसले, मोठ्याने तिथी सांगितली आणि तारीख टाइप केली. मी एका दमात उठलो. ढग नाहीत, डमरू नाही. लालासाहेबांच्या तोंडातलं पान संपायच्या आत अख्खी पत्रिका बाहेर: राशी, नक्षत्र, चरण, सगळं काळ्याभोर, गोल, नीटस मराठी अक्षरांत. आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलेलं नव्हतं.

लालासाहेबांनी कागद उलटा केला. सुलटा केला.

"इस्पिक?"

"नाही," विष्णुपंत म्हणाले.

"एखादा बदाम तरी?"

"नाही."

लालासाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तालमीतला म्हातारा पैलवान गेला की ठेवतात तसा. "बिघाडलंय," ते म्हणाले. "चांगलं हुतं ओ."

आणि बरणी परत आली.

तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्राला त्याच्या मापाचं काम द्या. त्याच्या अंगात नवं कोंबून वर त्यालाच हळू म्हणू नका. त्याचं घड्याळ मेलं असेल तर रोज सकाळी त्याला तारीख सांगा. तेवढ्यावर ते पुष्कळ दिवस काढतं. मला त्या दिवसानंतर कुणी सांगितलेली नाही. माझ्याकडे आज १ जानेवारी १९८० आहे. या तारखेला मी अजून जन्मलेलोसुद्धा नाही, आणि तरी माझ्या डोक्यावर लोणचं आहे. बरणीखाली निदान एक ताटली ठेवा.